श्रवणदर्शन : रुक्मिणीचा पूर्वराग, भक्ती आणि भारतीय लघुचित्रे

प्रास्ताविक

भारतीय लघुचित्रकलेविषयी लिहिताना एक विधान इतक्या वेळा केले जाते की, ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. राजस्थानी व पहाडी चित्रांतील शृंगार वरवर लौकिक असला तरी त्याचा गाभा आध्यात्मिक आहे. नायिका म्हणजे जीव, नायक म्हणजे परमात्मा आणि विरह म्हणजे जीवाची परमात्म्यासाठी चाललेली तळमळ, असे ते विधान होय. आनंद कुमारस्वामी यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या राजपूत चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात ही भूमिका ठामपणे मांडली. पुढे डब्ल्यू. जी. आर्चर यांनी १९५७ मध्ये कृष्णाच्या प्रेमकथांवरील चित्रे आणि काव्य यांचा एकत्र विचार केला, तर एम. एस. रंधावा यांनी १९६३ मध्ये कांगडा शैलीतील गीतगोविंदाची चित्रे रसिकांसमोर आणली. या तिन्ही अभ्यासकांचे ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. चित्रातील कोणतीही विरहिणी केवळ 'कृष्णाची' म्हटल्याने भक्त ठरते काय? की तिच्या विरहाच्या रचनेतच असे काही असावे लागते, ज्यामुळे त्याला भक्ती म्हणता येईल?

प्रस्तुत निबंधात हा प्रश्न राधेच्या नव्हे, तर रुक्मिणीच्या संदर्भात विचारला आहे. त्यामागे एक कारण स्थानिक आहे आणि ते लपविण्याचे प्रयोजन नाही. रुक्मिणीचे माहेर मानले गेलेले कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात तेथे केलेल्या उत्खननातून महापाषाणयुगापासूनच्या वस्तीचे अवशेष हाती आले. पुराणातील कुंडिनपूर ते हेच, हे उत्खननाने सिद्ध होत नाही; तसे ते होणारही नाही. परंतु येथील वाचकाला रुक्मिणीची कथा शिकवावी लागत नाही, ती त्याने घरात ऐकलेलीच असते. या 'ऐकलेल्या'पाशीच प्रस्तुत विवेचनाचा प्रारंभ होतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. राधेचा विरह हा स्मृतीचा विरह आहे. तिने कृष्णाला पाहिले आहे, त्याचा सहवास अनुभवला आहे आणि मग तो दुरावला आहे. रुक्मिणीने मात्र कृष्णाला पाहिलेलेच नाही. तिची संपूर्ण ओढ ऐकण्यातून जन्मलेली आहे. ज्याला पाहिले नाही त्याच्यासाठी झुरणे हीच सामान्य भक्ताचीही स्थिती असते. या अर्थाने रुक्मिणी भक्ताला राधेपेक्षा जवळची आहे, आणि चित्रकाराला मात्र तीच अधिक अवघड आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

चार दर्शने

साहित्यशास्त्राने मीलनापूर्वीच्या प्रेमाला 'पूर्वराग' म्हटले आणि तो कशातून उत्पन्न होतो याचा बारकाईने विचार केला. विश्वनाथाने साहित्यदर्पणात दूत, बंदी वा सखी यांच्या मुखातून होणारे श्रवण आणि इंद्रजाल, चित्र, स्वप्न वा प्रत्यक्ष यांतून होणारे दर्शन अशी कारणे सांगितली आहेत. येथे श्रवण आणि दर्शन वेगळे ठेवले आहेत. भानुदत्ताच्या रसमंजरीत दर्शनाचे तीन प्रकार येतात : स्वप्नातील, चित्रातील आणि साक्षात. त्यानंतर ओरछाच्या केशवदासाने १५९१ साली रचलेल्या रसिकप्रियेत दर्शने चार होतात आणि चौथे असते 'श्रवण दर्शन'.

हा शब्दप्रयोग वाचताना क्षणभर थांबावे लागते. कानांनी झालेले ते दर्शन कसे? व्याकरणाच्या दृष्टीने ही विसंगतीच म्हणावी लागेल. पण भक्तीच्या व्यवहारात ती विसंगती राहत नाही. नवविधा भक्तीची पहिली पायरी श्रवणाचीच आहे. कीर्तनाला बसलेला श्रोता 'आज देव दिसला' असे म्हणतो, तेव्हा त्याला कोणी हटकत नाही. केशवदासाने रीतिशास्त्राच्या चौकटीत राहून हा अनुभव नोंदविला, एवढे म्हणता येईल.

रसमंजरी आणि रसिकप्रिया हे दोन्ही ग्रंथ चित्रकारांचे अत्यंत आवडते. रसमंजरीचा तर महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. भानुदत्ताच्या श्लोकांत निजाम राजाचा उल्लेख सापडतो. आणि १६५० साली याच ग्रंथाची एक सचित्र प्रत औरंगाबाद येथे तयार झाली, तीही मेवाडच्या एका रजपूत सरदारासाठी. दख्खनेतील मोगली छावणीत राहणारा रजपूत संस्कृत नायिकाभेदाची चित्रे रंगवून घेतो, ही घटनाच 'ही चित्रे भक्तीची की दरबारी विलासाची' या वादाला उत्तर देण्यापूर्वी सावध करणारी आहे. मोहिमेवर असलेल्या सरदाराने नायिकांची चित्रे केवळ मोक्षासाठी पाहिली, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

श्रवण दर्शनाच्या चित्रात सामान्यतः काय दिसते? नायिका बसलेली आहे, समोर सखी आहे, सखीचा हात बोलण्याच्या मुद्रेत उचललेला आहे. बस्स. ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो नायक एकतर चित्राच्या कडेला, वेगळ्या दालनात बसवलेला असतो किंवा अजिबात नसतो. चित्रकाराने नायक दाखविला की प्रेक्षकाला साक्षात दर्शन घडते आणि नायिकेचे श्रवण बाजूला पडते. न दाखविला तर दोन स्त्रिया गप्पा मारीत बसल्याचे चित्र उरते. हा पेच लहान नाही.

भागवतातील रुक्मिणी

भागवताच्या दशम स्कंधात, ५२ ते ५४ या अध्यायांत, रुक्मिणीची कथा येते. तिच्यात ऐकणे आणि पाहणे यांची मांडणी किती हेतुपूर्वक केली आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे चित्रकारांपुढील अडचण नेमकी कळते. भीष्मकाच्या घरी येणारे-जाणारे लोक कृष्णाचे रूप, पराक्रम आणि गुण गातात. रुक्मिणी ते ऐकते आणि त्यालाच पती मानते. भाऊ रुक्मी तिला शिशुपालास देण्याचे ठरवितो, तेव्हा ती एका विश्वासू ब्राह्मणाकरवी द्वारकेला निरोप धाडते. हा निरोप सात श्लोकांचा आहे आणि त्याचा पहिलाच शब्द 'ऐकून' या अर्थाचा आहे. कानांच्या वाटेने आत शिरलेले गुण अंगाचा ताप हरतात, आणि डोळे असणाऱ्यांना ज्याचे रूप म्हणजे सर्व लाभांचा लाभ, त्याच्यावर आपले चित्त लाज सोडून जडले आहे, असा त्याचा आशय आहे. कानापासून डोळ्याकडे जाणारा हा प्रवास पहिल्याच श्लोकात सांगून टाकला आहे.

मूळ कथेत हा 'गुप्त निरोप' आहे. पुढील टीकाकारांनी, कवींनी आणि चित्रकारांनी त्याचे पत्र केले. चित्रकाराच्या दृष्टीने हा बदल मोलाचा ठरला, त्याचा विचार पुढे येईल.

त्यानंतरची प्रतीक्षा भागवतकाराने फार नाजूकपणे रंगविली आहे. विवाहाला एक रात्र उरली आहे, ब्राह्मण परतलेला नाही. आपल्यात काही उणे दिसले म्हणून तर तो येत नसेल, अशी शंका रुक्मिणीच्या मनात येते. आणि मग ती आसवांनी भरलेले डोळे मिटून घेते. डोळे मिटताच डावी मांडी, बाहू आणि डोळा स्फुरू लागतो. ब्राह्मण येतो तेव्हा तो काही बोलण्याआधीच त्याच्या शांत चालीवरून तिला काम झाल्याचे उमगते. दुसऱ्या दिवशी ती मौन धारण करून, शस्त्रधारी रक्षकांच्या कड्यातून, पायी गिरिजेच्या देवळाला जाते. पूजा आटोपून बाहेर येते, डाव्या हाताच्या नखांनी कपाळावरचे केस बाजूला सारते, जमलेल्या राजांकडे लाजून कटाक्ष टाकते आणि त्याच दृष्टीत तिला कृष्ण दिसतो. तो तिचा पहिला क्षण. लगेच ती रथात असते.

ऐकण्यासाठी अख्खे तारुण्य आणि पाहण्यासाठी एक क्षण, अशी ही कालरचना आहे. भागवतकाराने साक्षात दर्शन कथेच्या अगदी टोकापर्यंत रोखून धरले आहे. भक्तीचे शास्त्र सांगण्यासाठी येथे वेगळे निरूपण करावे लागत नाही. कथानकाच्या बांधणीतच ते आहे.

(गिरिजेचे देऊळ नेमके कोणते, याविषयी आमच्या जिल्ह्यात दोन मते आहेत. अमरावतीकर अंबादेवीचे नाव घेतात, तर कौंडण्यपूरचे लोक आपल्या गावच्या अंबिकेचे. दूर अरुणाचलात भीष्मकनगर नावाच्या जुन्या कोटाशीही रुक्मिणीची कथा जोडली जाते. हा वाद सोडविण्याची येथे आवश्यकता नाही. इतक्या ठिकाणच्या लोकांनी तिला आपली लेक म्हटले, एवढे पुरे.)

चित्रकाराची अडचण

आता चित्रांकडे वळू. राधेच्या विरहाचे चित्र काढताना पहाडी चित्रकाराला एक मोठी सोय होती. मानकूने १७३० साली रंगविलेली गीतगोविंदाची मालिका किंवा सुमारे १७७५ ची, त्याच घराण्यातील पुढील पिढीची मानली जाणारी मालिका पाहिली, तर एकाच पानावर एका बाजूला गोपींसमवेत कृष्ण आणि दुसऱ्या बाजूला कुंजात सखीशेजारी बसलेली राधा अशी योजना वारंवार आढळते. मध्ये एखादे झाड, एखादा उंचवटा, यमुनेचे वळण असते. प्रेक्षकाला दोघेही दिसतात. राधेला जो दिसत नाही तो आपल्याला दिसतो आणि तिच्या मनातले चित्र आपल्यासमोर उघडे होते. विरह येथे झाडाएवढ्या अंतराचा आहे. तो कमी तीव्र आहे असे नव्हे, परंतु चित्रभाषेत तो सुखद आहे. कारण पान भरलेले आहे.

रुक्मिणीच्या बाबतीत ही सोय राहत नाही. कुंडिनपूर आणि द्वारका यांच्यामध्ये झाड घालून भागत नाही. म्हणून चित्रकार कथेची पाने वेगळी करतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पहाडी राज्यांत रुक्मिणीविवाहाच्या चित्रमाला निर्माण झाल्या. चंबा येथील भुरीसिंह संग्रहालयातील माला त्यांपैकी एक होय. अशा मालांमध्ये एका पानावर महालात बसलेली रुक्मिणी आणि ब्राह्मण, पुढच्या पानावर समुद्राने वेढलेली द्वारका आणि ब्राह्मणाचे आदरातिथ्य करणारा कृष्ण, असा क्रम येतो. दोन पानांना जोडणारा धागा म्हणजे तो म्हातारा ब्राह्मण आणि त्याच्या हातातील पत्र.

येथे पत्राचे महत्त्व कळते. निरोप ऐकू येतो, दिसत नाही, पत्र दिसते. श्रवणाला दृश्यरूप देण्याचा हा एक साधा आणि चतुर उपाय आहे. कागदाचा तो लहानसा पांढरा चौकोन रुक्मिणीच्या पानावर असतो तेव्हा तो कृष्णाच्या जागी असतो, आणि कृष्णाच्या पानावर जातो तेव्हा रुक्मिणीच्या जागी. प्रस्तुत लेखकाच्या मते रुक्मिणीच्या चित्रांतील सर्वांत अर्थपूर्ण वस्तू हीच आहे. राजा रविवर्म्याची पत्र लिहिणारी शकुंतला अधिक प्रसिद्ध असली, तरी तिने दुष्यंताला पाहिलेले आहे. तिचे पत्र आठवणीचे आहे. रुक्मिणीचे पत्र ही ओळख नसलेल्या माणसाला लिहिलेली पहिली ओळ आहे.

तथापि, चित्रकारांविषयी एक तक्रार नोंदविली पाहिजे. बहुतेकांना या स्तब्ध जागांपेक्षा रथाची घाई अधिक भुरळ घालते. हरणाचे दृश्य, उधळलेले घोडे, मागे लागलेले राजे, रुक्मीची विटंबना यांत रंग आणि हालचाल यांना वाव आहे. ते प्रसंग वारंवार येतात. चंबा रुमालांवरील भरतकामातही रुक्मिणीहरण हाच आवडता विषय आहे. जी डोळे मिटून बसली होती, तिचे पान मात्र एखादेच असते, आणि तेही पुष्कळदा ठरावीक विरहिणीच्या साच्यातले.

या संदर्भात नावांकडे लक्ष द्यावे. आसामात शंकरदेवांचे नाटक 'रुक्मिणीहरण' आहे, ब्रजभाषेत नंददासाचे काव्य 'रुक्मिणीमंगल' आहे, तेलुगू परंपरेत 'रुक्मिणीकल्याणम्' आहे. हरण ही कृष्णाची कृती, मंगल आणि कल्याण हा समारंभ. मराठीत नरेंद्रापासून एकनाथांपर्यंत कवींना 'रुक्मिणीस्वयंवर' हेच नाव सुचले. वास्तविक कथेत स्वयंवराची सभा भरतच नाही. तरीही मराठी कवींनी कथेला नाव दिले ते रुक्मिणीच्या निवडीवरून. न पाहता, केवळ ऐकून केलेली ही निवड आहे. चित्रकारांनी 'हरण' रंगविले आणि मराठीने 'स्वयंवर' गायिले, असा हा भेद आहे, आणि तो केवळ शब्दाचा नाही.

दमयंतीचा आक्षेप

वरील प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि तो आमच्याच प्रदेशातून येतो. दमयंतीही विदर्भाची राजकन्या, तीही कुंडिनपूरची. तिनेही नलाला न पाहता, त्याचे गुण ऐकून वरले. श्रवणातून जन्मलेली ओढ म्हणजे भक्ती, असे म्हणावे तर दमयंतीचे प्रेमही भक्ती ठरेल. आणि नल तर मर्त्य राजा आहे. उलट तिच्या स्वयंवरात देव येतात आणि ती देवांना नाकारून माणसाला निवडते.

हा आक्षेप चित्रांच्या बाजूने अधिकच बळकट होतो. श्रीहर्षाच्या नैषधीयचरितावर आधारित नल-दमयंतीची एक भव्य पहाडी चित्रमाला अठराव्या शतकाच्या अखेरीस तयार झाली. तिची रेखाटने बोस्टनच्या संग्रहालयात आहेत, तर ४७ पूर्ण चित्रे जम्मूच्या अमर महाल संग्रहालयात. बी. एन. गोस्वामी यांनी १९७५ मध्ये या चित्रांवर ग्रंथ लिहिला. राधेची, रुक्मिणीची आणि दमयंतीची चित्रे एकाच परंपरेतून आलेली आहेत. तेच पांढरे सज्जे, त्याच कमलपत्रांचा वारा घालणाऱ्या सख्या, तोच बाजूने दिसणारा सडपातळ चेहरा. नाव झाकले तर या तिघींत फरक करणे कठीण जाईल. मग 'भक्ती' चित्रात कोठे आहे?

या चित्रमालेत कुंडिनपूर कसे दिसते, हेही पाहण्यासारखे आहे. ते पहाडी राजवाड्यासारखे आहे. काळी जमीन, पळस, वर्धेचे रुंद पात्र यांपैकी काहीही तेथे नाही, आणि ते असणे शक्यही नव्हते. चित्रकाराने विदर्भ पाहिलेला नव्हता. कुंडिनपूर त्यालाही श्रवणातूनच मिळाले होते आणि आपल्या माहितीतल्या गच्च्या-सज्ज्यांनी त्याने ते उभे केले. भक्तही न पाहिलेल्या देवाला आपल्या गावातल्या माणसाचेच रूप देतो.

नैषधीयचरितात या विषयाशी थेट संबंध असलेला एक तपशील आहे. विरहावस्थेत दमयंती एका कुशल चित्रकाराकडून क्रीडागृहाच्या भिंतीवर एक अनुपम जोडपे काढवून घेते आणि त्यात नलाचे व आपले साम्य पाहत राहते. म्हणजे श्रवणाची तहान तिने चित्रदर्शनाने भागविली. भागवतातही अशी एक चित्रकर्ती आहे. रुक्मिणीच्या नातवाची, अनिरुद्धाची, कथा ६२व्या अध्यायात येते. उषेने त्याला स्वप्नात पाहिले. तिची सखी चित्रलेखा एकामागून एक पुरुषांची चित्रे काढून दाखविते आणि अनिरुद्धाचे चित्र समोर येताच उषा लाजून मान खाली घालते. उषेला स्वप्न आणि चित्र दोन्ही मिळाले, दमयंतीला चित्र मिळाले. भागवतातल्या रुक्मिणीला यांपैकी काहीच मिळाले नाही. तिच्यापाशी फक्त ऐकलेले शब्द होते.

आक्षेपाचे उत्तर काही अंशी येथे सापडते. दमयंतीचे प्रेम आणि रुक्मिणीचे प्रेम यांचा उगम एकच असला, तरी दमयंतीला मधल्या काळात प्रतिमेचा आधार मिळतो आणि हंसाच्या रूपाने दोन्ही बाजूंना बोलका दूत मिळतो. रुक्मिणीचा ब्राह्मण परत येईपर्यंत तिच्या हाती काही नाही. पण हे उत्तर पुरेसे नाही, हे मान्य केले पाहिजे. काव्यात हा फरक दिसतो, चित्रात तो पुसला जातो. केवळ रेषा आणि रंग पाहून 'हे भक्तीचे, हे शृंगाराचे' असा निवाडा करता येत नाही. आणि कुमारस्वामींच्या नावावर तसा निवाडा देणारी आपल्याकडील क्रमिक पुस्तके विद्यार्थ्याची दिशाभूल करतात. रविवर्म्याने १८९९ मध्ये रंगविलेली 'हंस-दमयंती' छापील चित्ररूपाने घरोघरी पोचली. हंसाचे बोलणे ऐकणारी, कठड्याशी उभी दमयंती हे श्रवण दर्शनाचे आधुनिक काळातील सर्वांत लोकप्रिय चित्र म्हणता येईल. भिंतीवर ते देवांच्या तसबिरींशेजारी टांगले गेले. त्याला कोणी उदबत्ती ओवाळली असेल तर ती चित्रामुळे की शेजाऱ्यामुळे, हे कसे सांगावे?

ऐकणाऱ्यांचा प्रदेश

भक्ती चित्रात नसेल, तर ती पाहणाऱ्यात शोधावी लागेल. या दृष्टीने वऱ्हाडाची परंपरा विशेष आहे. कारण येथे रुक्मिणी रंगविण्यापेक्षा गायिली गेली. रिद्धपूर हे महानुभावांचे महत्त्वाचे स्थान आमच्याच जिल्ह्यात आहे. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या निमित्ताने महदाइसेने रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाचे 'धवळे' रचून गायिले. मराठीतील आद्य कवयित्रीची ही रचना विवाहगीताच्या घाटातली आहे, आणि जिच्या गाण्यात रुक्मिणी कृष्णाला वरते ती गाणारी स्वतः संन्यस्त आहे. नरेंद्राच्या रुक्मिणीस्वयंवराविषयीची आख्यायिका प्रसिद्धच आहे : रामदेवराय यादवाने ते काव्य आपल्या नावे करण्याची इच्छा व्यक्त केली आणि कवीने ती नाकारली. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत रुक्मिणीस्वयंवर पूर्ण केले आणि विवाहाला जीव-शिवाच्या ऐक्याचे रूपक दिले.

एकनाथांच्या ग्रंथाचा पुढे जो उपयोग झाला तो मात्र रूपकाच्या उलट दिशेने गेला. लग्न जुळावे म्हणून मुलींनी त्याचे पारायण करावे, अशी रूढी महाराष्ट्रभर आहे, वऱ्हाडातही आहे. म्हणजे लौकिक प्रेमाचे अध्यात्म झाले आणि त्या अध्यात्माचे पुन्हा लौकिक व्रत झाले. काही समीक्षक याकडे अंधश्रद्धा म्हणून पाहतात. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. आमच्या वर्गात कौंडण्यपूर परिसरातील खेड्यांतून येणाऱ्या मुली असतात. पारायण केलेल्या मुलीला पहाडी चित्रमालेतील पान दाखविले की ती नायिकाभेद विचारीत नाही. 'बामण अजून आला नाही ना?' असे विचारते. चित्रात जे दाखविणे अवघड, ते तिने आधीच ऐकलेले असते आणि ते ऐकलेले ती चित्रावर ठेवते. तिच्यापुरते ते पान भक्तीचे होते. तिच्या मनात त्या वेळी स्वतःच्या स्थळाचा विचार असेल, तरीही.

मराठी भक्ती वत्सल आहे, तीत मधुरा भक्तीला फारसे स्थान नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेविषयी ते बरेचसे खरेही आहे. परंतु अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे १८८१ साली जन्मलेल्या संत गुलाबराव महाराजांकडे पाहिले की हे विधान सैल करावे लागते. त्यांनी स्वतःला श्रीकृष्णाची पत्नी मानले, मंगळसूत्र आणि कुंकू धारण केले, स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणविले आणि आपल्या विचाराला 'मधुराद्वैत' हे नाव दिले. त्यांची दृष्टी अगदी बालपणी, वयाचे वर्षही पुरे होण्याआधी गेली होती. १९१५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी त्यांचा देह पडला. तोवर त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, आणि त्यासाठी लागणारे सारे ज्ञान इतरांकडून वाचून घेऊन, म्हणजे कानांनी, मिळविले. केशवदासाच्या चार दर्शनांपैकी चित्र आणि साक्षात ही दोन त्यांना बंद होती. प्रियकराला कधीही न पाहिलेली पत्नी ही रुक्मिणीची कुंडिनपुरातील अवस्था त्यांच्यासाठी आयुष्यभराची होती. लघुचित्रांच्या चर्चेत त्यांचे नाव घेण्याची रीत नाही. तरी चित्राविना विरहभक्ती कशी असते, याचे उदाहरण शोधायला आम्हाला तालुक्यापासून फार दूर जावे लागत नाही.

या ओढीची दुसरी बाजूही परंपरेने सांभाळली आहे. भागवताच्या ५३व्या अध्यायात निरोप ऐकल्यावर कृष्ण ब्राह्मणाला सांगतो की, त्याचेही चित्त रुक्मिणीपाशी आहे आणि त्याला रात्री झोप लागत नाही. झुरणे एकाच बाजूचे नाही. पंढरपूरच्या कथेत तर रुक्मिणी रुसून दिंडीरवनात निघून येते आणि देव तिला शोधीत येतो. तिचे देऊळ आजही वेगळे आहे. चंद्रभागेच्या काठी विरह देवाच्या वाट्याला आला. पहाडी चित्रकारांना ही कथा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ठाऊक असती, तर कुंजात एकट्या बसलेल्या राधेचा साचा त्यांनी विठ्ठलासाठी वापरला असता की काय, हा विचार मनात येतो.

कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी दरवर्षी आषाढी वारीसाठी पायी पंढरपूरला जाते. ही परंपरा चारशेहून अधिक वर्षांची मानली जाते. माहेरची माणसे वाटभर नाम ऐकत आणि म्हणत जातात. राउळात पोचल्यावर मागची रांग पुढे सरकत असते. पायांवर डोके टेकायला मिळते तेवढ्यात पदर सावरावा लागतो, कपाळावरचे केस मागे सारावे लागतात, आणि मग वर पाहायचे.